उन्हाळ्यात फुकट वाचायचे कवी कसे निवडावेत: आधी निधनाचं साल बघा

कवीचं नाव सर्चमध्ये टाकलं की त्याच चार-पाच प्रसिद्ध कविता दहा ठिकाणी सापडतात आणि पुढे रस्ता बंद होतो. कुसुमाग्रज, इंदिरा संत, ग्रेस यांच्या बाबतीत हे हमखास होतं. त्यांचे संग्रह अजून स्वामित्वहक्काखाली आहेत. त्यामुळे नेटवर फुकट दिसतं ते बरंचसं कुणीतरी आठवणीतून किंवा आलेल्या फॉरवर्डवरून टाइप केलेलं असतं. सुट्टीत एखादा कवी नीट वाचून काढायचा असेल, तर त्याचा अख्खा संग्रह, न गाजलेल्या कवितांसकट, समोर उघडता आला पाहिजे. तो कुणाचा उघडता येईल हे ठरतं कवीच्या निधनाच्या सालावरून, म्हणून निवड तिथून सुरू करावी.

सालाचा हिशेब

भारताच्या १९५७च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतात. सोपा हिशेब असा: चालू सालातून ६१ वजा करा. जे साल येईल त्या साली किंवा त्याआधी कवीचं निधन झालं असेल, तर त्याचं हयातीत छापलेलं लेखन खुलं आहे. २०२६ साली हे उत्तर १९६५ येतं.

या चाळणीतून आधुनिक मराठी कवितेचा पाया जवळजवळ पूर्ण खाली येतो. केशवसुत (१९०५), विनायक (१९०९), बालकवी (१९१८), गोविंदाग्रज आणि रेव्हरंड टिळक (दोघंही १९१९), लक्ष्मीबाई टिळक (१९३६), चंद्रशेखर (१९३७), माधव ज्यूलियन (१९३९), भा. रा. तांबे (१९४१), बी (१९४७), साने गुरुजी (१९५०), मर्ढेकर (१९५६) हे सगळे खुले. संत, पंडित आणि शाहीर कवींबद्दल तर प्रश्नच नाही. अडतात ते त्यानंतरचे: यशवंत १९८५ला गेले, बोरकर १९८४ला, सुरेश भट २००३ला. सावरकरांचं निधन १९६६चं, म्हणजे त्यांच्या कविता १ जानेवारी २०२७ला खुल्या होतात. अत्रे १९६९ला गेले, त्यांच्यासाठी २०३० उजाडावं लागेल.

दोन ठिकाणी हा हिशेब चुकतो. पहिलं, मरणोत्तर छापलेलं लेखन. तिथे ६० वर्षं प्रकाशनाच्या सालापासून धरतात. बहिणाबाई चौधरी १९५१ला गेल्या आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ला निघालं, म्हणून ती गाणी २०१३पासून खुली झाली. दुसरं, प्रस्तावना आणि टीपा. त्याच पुस्तकाला अत्र्यांची प्रस्तावना आहे आणि तिचे हक्क अजून संपलेले नाहीत. जुन्या कवीच्या नव्या आवृत्तीतला संपादकाचा मजकूर, शब्दार्थ, अनुवाद हे सगळं वेगळं मोजायचं. नुसतं वाचायचं असेल तर याने फार बिघडत नाही, पण स्वतःच्या ब्लॉगवर किंवा शाळेच्या अंकात कविता घेताना फक्त मूळ कविता घ्या, टीपा घेऊ नका. परदेशातल्या मराठी वाचकांनी पुनर्प्रकाशनाआधी तिथला कायदा बघावा. ब्रिटनमध्ये मुदत ७० वर्षांची आहे.

कुठे उघडायचं

पहिली पसंती मराठी विकिस्रोत. तिथे मूळ छापील पान आणि टाइप केलेला मजकूर शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय आहे. पानांना रंग असतात. लाल म्हणजे अजून तपासलेलं नाही, पिवळं म्हणजे एकाने तपासलं, हिरवं म्हणजे दुसऱ्यानेही तपासून पक्कं केलं. संग्रह निवडताना अनुक्रमणिकेचं पान उघडून रंग बघा. लाल पानं जास्त असतील तर मजकुरापेक्षा शेजारचं छायाचित्र वाचा. हिरवी असतील तर बिनधास्त ईपब (ई-पुस्तकाची फाइल) उतरवून घ्या.

ट्रान्सलिटरल (पूर्वीचं खापरे डॉट ऑर्ग) इथे संतवाङ्मयाचा साठा मोठा आहे. आधुनिक कवींच्या कविताही तिथे एकेका पानावर मिळतात. चाळायला सोपं, पण मजकूर कोणत्या आवृत्तीतून घेतला हे नेहमी कळत नाही. म्हणून कविता शोधायला ते वापरा आणि शब्दाची शंका आली की छापील पानाकडे वळा.

ते छापील पान बहुतेक वेळा इंटरनेट आर्काइव्हवर मिळतं, कारण डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या स्कॅन प्रती तिथे आल्या आहेत. तिथे तीन गोष्टी सांभाळा. नावं रोमन लिपीत, कशीही लिहिलेली असतात, त्यामुळे एकाच कवीचं नाव तीन-चार स्पेलिंगनी शोधावं लागतं. ‘पूर्ण मजकूर’ हा पर्याय जुन्या देवनागरी पुस्तकांसाठी निरुपयोगी असतो, यंत्राने वाचलेली अक्षरं गिचमिड होऊन येतात; पीडीएफच घ्या. आणि घेण्याआधी आकार बघा. अशा प्रती कित्येकदा पन्नास एमबीच्या आसपास जातात. गावी जाणार असाल तर निघण्याआधी घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, तिथे रेंजच्या भरवशावर राहू नका. मोबाईलवर स्कॅन वाचताना फोन आडवा धरा आणि डार्क मोड बंद ठेवा. जुन्या पिवळ्या पानाचे रंग उलटले की अनुस्वार दिसेनासे होतात.

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची पुष्कळ प्रकाशनं मोफत मिळतात. फुले दांपत्याचं समग्र वाङ्मय मंडळानेच काढलेलं आहे. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ १८५४चा, म्हणजे केशवसुतांच्या जन्माच्याही बारा वर्षं आधीचा. आधुनिक मराठी कविता केशवसुतांपासून, हे शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने तो एकदा उघडावा.

कवीची ओळख मराठी विश्वकोशातल्या नोंदीवरून करून घ्या. जन्म-निधनाची सालं, संग्रहांची नावं आणि वर्षं तिथे एका ठिकाणी मिळतात. सालाचा हिशेबही याच नोंदीवरून करावा.

शोध लागत नाही तेव्हा

बहुतेक वेळा कविता तिथे असते, लेखनपद्धत जुळत नसते. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘कांही’, ‘नाहीं’, ‘गांव’, ‘जेथें’ असं छापलेलं असतं. ‘काही’ शोधून मिळालं नाही तर ‘कांही’ शोधा. आणखी एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘वाऱ्यास’मधलं अर्धं र संगणकात दोन वेगळ्या प्रकारांनी टाइप होतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ते वेगळे शब्द वाटू शकतात. म्हणून ‘नैऋत्येकडील वाऱ्यास’ सापडत नसेल तर नुसतं ‘नैऋत्येकडील’ टाका. हाच उपाय ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’, ‘गडकऱ्यांचा’ अशा सगळ्या शब्दांना लागू.

टोपणनाव आणि खरं नाव दोन्ही वापरा: केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले, बालकवी आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे, बी आणि नारायण मुरलीधर गुप्ते. ‘बी’ या एका अक्षराने काहीच हाती लागत नाही. संग्रहाच्या नावाने, ‘फुलांची ओंजळ’ने जा. बहिणाबाई दोन आहेत हेही ध्यानात असू द्या. सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई वेगळ्या आणि असोद्याच्या, जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. तुकोबांचा अभंग क्रमांकाने शोधू नका. वेगवेगळ्या गाथांत क्रमांक जुळत नाहीत. पहिला चरण टाकावा.

मजकूर बरोबर आहे का, हे वृत्तावरून ओळखा

इथे थोडी मेहनत घ्यावी. छंदात लिहिलेली कविता स्वतःची चूक स्वतः दाखवते. ऱ्हस्व स्वराच्या अक्षराची एक मात्रा, दीर्घ स्वराच्या दोन. पुढे जोडाक्षराचा आघात आला किंवा अक्षरावर उच्चारी अनुस्वार असला तर ऱ्हस्वाच्याही दोन. एवढे नियम पुरतात.

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या, आठच ओळींची आहे. पहिल्या ओळीच्या शेवटी ‘घेउन’ आहे आणि दुसरीच्या शेवटी ‘बेटाबेटातुन’. दोन्ही ओळी मोजल्या की मात्रा २६-२६ भरतात. पुष्कळ ठिकाणी शुद्धलेखन सुधारायच्या भरात ‘घेऊन’ केलेलं दिसतं. लगेच पहिली ओळ २७ची होते आणि मोठ्याने म्हणताना जीभ अडखळते. ते ‘उ’ ऱ्हस्व आहे ते कवीने चालीसाठी मुद्दाम ठेवलेलं आहे. ज्या ठिकाणी असे ऱ्हस्व-दीर्घ जपलेले दिसतील, तिथला बाकीचा मजकूरही बहुधा विश्वासाचा असतो.

अक्षरगणवृत्तात, म्हणजे ओळीतली अक्षरांची संख्या ठरलेली असते अशा वृत्तात, तर नुसती अक्षरं मोजली तरी चालतं, जोडाक्षर एकच धरून. ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयातात आहेत, दर चरणाला १२ अक्षरं. केशवसुतांची ‘आम्ही कोण?’ शार्दूलविक्रीडितात आहे, दर ओळीला १९ अक्षरं, बाराव्यानंतर थांबा. मोठ्या अभंगाला चार चरण: तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. ओळ एका अक्षराने कमी पडली तर टाइप करताना काहीतरी गळलं आहे, जास्त झाली तर घुसलं आहे. संतांच्या अभंगांत मात्र गाताना अक्षरं ओढून-दाबून घेतात, तिथे एखाद्या अक्षराचा फरक चूक मानू नये.

यंत्राने वाचलेल्या मजकुरात ठरलेल्या चुका असतात: ब आणि व, भ आणि म, ध आणि घ, थ आणि य, ष आणि प यांची अदलाबदल. अर्थ लागत नसेल तर शब्दकोश उघडण्याआधी ही अक्षरं बदलून बघा.

मुक्तछंदातल्या कवितेला ही कसोटी नाही. तिथे एकच उपाय, संग्रहाचं नाव विचारा. ‘अमक्यांची कविता’ म्हणून फिरणाऱ्या मजकुराखाली संग्रह दिलेला नसेल, तर ती त्या कवीची धरू नका.

मग कुणाला निवडायचं

शाळेनंतर कविता वाचलीच नाही, अशांनी केशवसुतांपासून सुरुवात करावी. त्यांच्या उपलब्ध कविता दीडशेच्या आतच आहेत, म्हणजे पंधरवड्यात सगळा कवी वाचून होतो. असा पूर्ण हाती येणारा मोठा कवी फार थोड्या वाचकांना लाभतो. ‘तुतारी’ने मात्र सुरुवात नको. ती घोषणेसारखी कानात बसली आहे, त्यामुळे बाकीचा कवी ऐकू येत नाही. ‘नैऋत्येकडील वाऱ्यास’ आधी वाचा. कोकणापासून दूर असलेल्या माणसाने तिकडून येणाऱ्या वाऱ्याशी केलेलं बोलणं आहे ते, आणि मे संपताना तोच वारा आपल्याकडेही येतो. मग ‘सतारीचे बोल’, मग ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’, ‘हरपले श्रेय’, आणि ‘झपूर्झा’ सगळ्यात शेवटी. ‘झपूर्झा’ पहिल्या दिवशी वाचली की कळत नाही म्हणून कवीच बाजूला पडतो. बाकीच्या कवितांनी कान तयार झाल्यावर ती खूप काही देते.

दहा ते चौदा वर्षांच्या मुलांबरोबर वाचायचं असेल तर बालकवी आणि रेव्हरंड टिळक. ‘औदुंबर’ वाचून झाली की तिच्यातले रंग मुलांकडून शोधून घ्या: हिरवा, निळासावळा, पांढरा, काळा. ते कोणत्या क्रमाने येतात हे दिसलं की हिरवळीतून काळ्या डोहाकडे कविता कशी उतरत जाते ते मुलांना न सांगता कळतं. ‘पारवा’ मात्र मोठ्यांनी स्वतःसाठी राखून ठेवावी. बालकवी म्हणजे फक्त आनंदी आनंद, हा समज त्या एका कवितेने जातो.

गाण्यांच्या वाटेने येणाऱ्यांसाठी तांबे. ‘कळा ज्या लागल्या जीवा’, ‘मधु मागशी माझ्या’, ‘मावळत्या दिनकरा’ लता मंगेशकरांच्या आवाजात बहुतेकांना पाठ असतात. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर अशा गाण्यांचे शब्द आणि कठीण शब्दांचे अर्थ मिळतात. तिथून संग्रहाकडे जा आणि ध्वनिमुद्रणात कोणती कडवी गाळली आहेत ते बघा. गाण्याच्या लांबीत बसवताना कडवी सोडावी लागतात, आणि कवितेचं वळण पुष्कळदा त्याच कडव्यांत असतं. बींची ‘चाफा’ही याच पद्धतीने वाचावी.

बहिणाबाई चौधरी वाचायच्या तर मोठ्याने, आणि खानदेशी बोलणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून एकदा ऐकूनच. नुसत्या डोळ्यांनी वाचलं की बोलीतले शब्द अडसर वाटतात, कानावर पडले की त्यातले निम्मे आपोआप कळतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाने दिवसाला दोन गाण्यांपेक्षा जास्त घेऊ नयेत.

जुन्या मराठीकडे जायचं असेल तर ज्ञानेश्वरीच्या पहिल्या ओवीपासून सुरुवात करू नका. सुमारे नऊ हजार ओव्या आहेत, सुट्टी पहिल्या दोन अध्यायांतच संपते. मुक्ताबाईचे ताटीचे अभंग चाळीसेक आहेत, एका बैठकीत होतात. जनाबाई, चोखामेळा आणि सोयराबाई यांचे पंचवीस-पंचवीस अभंग घ्या. तुकोबांची गाथा साडेचार हजार अभंगांची. तिला सलग भिडण्याऐवजी कुठलंही पान उघडून रोज पाच वाचा. मोरोपंतांची ‘केकावली’ अर्थासकट आवृत्ती मिळाली तरच घ्या, संस्कृत समासांत पहिल्याच पानावर दम लागतो. गोव्याच्या वाचकांनी सोहिरोबानाथ आंबिये सोडू नयेत, आणि चिकाटी असेल त्यांनी फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ उघडावं. १६१६ साली ते रोमन लिपीत छापलं गेलं. ओवी मात्र अस्सल मराठी आहे.

मर्ढेकर शेवटी. ‘काही कविता’ (१९४७) हा त्यांचा मुख्य संग्रह. आधी तुकोबा आणि रामदास वाचलेले असतील तर मर्ढेकर अर्धे सोपे होतात, कारण त्यांनी यंत्रयुगातलं शहर अभंगाच्या आणि ओवीच्या घाटात लिहिलं. तो घाट ओळखीचा नसेल तर ओळीतला ताण जाणवत नाही आणि कविता निव्वळ दुर्बोध वाटते.

किती आणि कसं

सहा आठवड्यांत तीन कवी, फार तर चार. दर कवीला दहा-बारा दिवस, रोज तीन-चार कविता, त्यातली एक मोठ्याने. वीस मिनिटं लागतात. पुष्कळांचं घोडं इथेच अडतं: पहिल्या दिवशी तीस पीडीएफ उतरवल्या जातात आणि जूनमध्ये एकही उघडलेली नसते. एका वेळी एकच फाइल फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवा. एक कवी जुना, एक केशवसुतांनंतरचा आणि एक आपल्या भागातला, असे तीन घेतले की भाषा तीन वेगळ्या तऱ्हेने कानावर पडते. चार दिवसांनीही कवी लागत नसेल तर बदला, सुट्टी फरफटत नेऊ नका.

शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांचं पान उघडं ठेवा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश तिथे मोफत शोधता येतात. ज्ञानेश्वरकालीन शब्दाला तुळपुळे, पेशवाई-शाहिरीला मोल्सवर्थ, बोलीतल्या शब्दाला दाते-कर्वे, असा क्रम ठेवला तर वेळ वाचतो.

ज्यांचे हक्क संपलेले नाहीत

इंदिरा संत, नारायण सुर्वे, विंदा, ढसाळ हवेतच, तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या मोफत पीडीएफ बघा. कुमारभारती आणि युवकभारतीत रीतसर घेतलेल्या कविता, कवीचा परिचय आणि संग्रहांची नावं असतात. सहावीपासून बारावीपर्यंतची पुस्तकं चाळली तर विसाव्या शतकाचा छोटासा संग्रह हाती येतो. नव्या कवींसाठी ई-साहित्य प्रतिष्ठान. तिथली पुस्तकं लेखकांनीच मोफत दिलेली असतात. टेलिग्रामवर फिरणाऱ्या चालू पुस्तकांच्या पीडीएफ घेऊ नका. मराठी कवितासंग्रहाची आवृत्ती मुळातच लहान असते आणि अशा प्रतींचा थेट फटका त्या एका प्रकाशकाला बसतो. या कवींसाठी गावातलं सार्वजनिक वाचनालय आहे.

वाचताना विकिस्रोतावर चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. कवितेच्या कडेला असलेल्या पानक्रमांकावर टिचकी मारली की छापील पान आणि मजकूर समोरासमोर येतात. ‘संपादन’ उघडा, छापलं आहे तसंच टाइप करा. जुनं ‘कांही’ असेल तर ‘कांही’च ठेवा आणि सारांशाच्या चौकटीत काय बदललं ते दोन शब्दांत लिहून जतन करा. पानाचा रंग बदलायचा असेल तर आधी खातं उघडून प्रवेश करावा लागतो. पिवळं पान हिरवं करायला ते आधी तपासणाऱ्यापेक्षा वेगळा माणूस लागतो, म्हणून घरातल्या दोघांनी मिळून एक संग्रह घेतला तर तो या सुट्टीत पूर्ण होऊ शकतो.